गर्भपात : घरातला प्रश्न अमेरिकेत पक्षांचं निशाण कसा झाला?

अमेरिकेत कोणी निवडणुकीला उभं राहिलं की पहिल्या चार-पाच प्रश्नांत एक प्रश्न हमखास येतो, गर्भपाताबद्दल तुमची भूमिका काय? खरं तर उत्तर ऐकायचीही गरज नसते. उमेदवार रिपब्लिकन असेल तर तो विरोधात असणार आणि डेमोक्रॅट असेल तर बाजूने असणार, हे मतदार गृहीतच धरतात. न्यायाधीशांच्या नेमणुका, परदेशांना दिली जाणारी मदत, औषधांना मिळणारी परवानगी, सगळीकडे हा एक प्रश्न आडवा येतो.

बऱ्याच जणांना वाटतं की हे पहिल्यापासून असंच असणार. एक पक्ष धार्मिक लोकांचा, दुसरा आधुनिक विचारांचा, म्हणून भांडण. पण इतिहास वेगळा आहे. १९७२ मध्ये गॅलप या संस्थेने पाहणी केली, तेव्हा ६४ टक्के अमेरिकी लोकांनी सांगितलं की गर्भपाताचा निर्णय बाई आणि तिच्या डॉक्टरांवर सोडावा. त्यात रिपब्लिकन मतदारांचं प्रमाण ६८ टक्के होतं आणि डेमोक्रॅट मतदारांचं ५९ टक्के. म्हणजे आज ज्या पक्षाची ओळखच गर्भपाताला विरोध अशी आहे, त्याचेच मतदार त्या वेळी जास्त मोकळ्या मताचे होते!

मग हे उलटं कसं झालं? कोणी केलं? आणि त्याचा भार शेवटी कोणावर पडला? हे समजून घेणं आपल्यालाही उपयोगाचं आहे. कारण धर्म, घर आणि बाईचा जीव यांच्याशी जोडलेला प्रश्न पक्षांच्या हाती गेला की त्याचं काय होतं, याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

सुरुवातीची बंदी डॉक्टरांनी आणली

अमेरिकेत सुरुवातीच्या काळात इंग्लंडहून आलेला जुना कायदा चालायचा. पोटातल्या बाळाची हालचाल आईला जाणवायला लागण्याआधी केलेला गर्भपात गुन्हा मानला जात नसे. ही हालचाल साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात कळते. १८२१ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला लेखी कायदा केला. पण तो गर्भ पाडण्यासाठी विष देण्याविरुद्ध होता.

१८४७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. १८५७ पासून होरेशियो स्टोरर या बॉस्टनच्या डॉक्टरांनी गर्भपातावर बंदी यावी म्हणून मोहीम चालवली. त्यात नैतिकतेचा मुद्दा होता, तसाच व्यवसायाचाही होता. शिकलेल्या डॉक्टरांना सुईणी आणि गावठी औषधं देणाऱ्यांना बाजूला करायचं होतं. एकोणिसावं शतक संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक राज्यात बंदी आली. सवलत साधारण एकच होती, आईचा जीव धोक्यात असेल तर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही बंदी आणताना पक्ष समोरासमोर आले नव्हते, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं निवडणुकीत या विषयावर फारसं कोणी बोललंही नाही. पैसेवाल्या बायकांना ओळखीचे डॉक्टर मिळत. गरीब बायका चोरून, घाणेरड्या जागी जात आणि त्यातल्या कित्येक मरत.

साठचं दशक : डॉक्टर, वकील आणि आजारी आया

बदलाची मागणीही आधी डॉक्टर आणि वकिलांकडूनच आली. १९६२ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने एक नमुना कायदा मंजूर केला. आईच्या प्रकृतीला गंभीर धोका, बाळात गंभीर व्यंग किंवा बलात्कार अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा असावी, अशी ती शिफारस होती.

त्याच वर्षी अ‍ॅरिझोनातल्या शेरी फिंकबाइन यांचं प्रकरण गाजलं. त्या लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम करायच्या. गरोदरपणात घेतलेल्या गोळ्यांत थॅलिडोमाइड आहे, हे त्यांना नंतर कळलं. या औषधाने युरोपात हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली होती. अमेरिकेत परवानगी मिळेना, म्हणून त्यांना स्वीडनला जावं लागलं. पाठोपाठ १९६४-६५ मध्ये रुबेला म्हणजे जर्मन गोवरची मोठी साथ आली आणि सुमारे २० हजार बाळं जन्मजात दोष घेऊन आली. हे आपल्याही घरात होऊ शकतं, असं साध्या मध्यमवर्गीय कुटुंबांना तेव्हा वाटायला लागलं.

१९६७ मध्ये कोलोरॅडोने पहिल्यांदा कायदा सैल केला. तिथले गव्हर्नर जॉन लव्ह रिपब्लिकन होते. (अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो, त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखं असतं.) त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या अशाच कायद्यावर गव्हर्नर म्हणून सही केली ती रोनाल्ड रीगन यांनी. हो, तेच रीगन, जे पुढे गर्भपातविरोधी चळवळीचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. नंतर त्यांनी या सहीबद्दल खेद व्यक्त केला.

१९७० मध्ये न्यूयॉर्कने सगळ्यात मोकळा कायदा केला. २४ आठवड्यांपर्यंत निर्णय बाई आणि डॉक्टरांवर सोडला. विधानसभेत हे विधेयक अगदी काठावर अडकलं होतं. जॉर्ज मायकल्स नावाच्या डेमोक्रॅट आमदाराने मतमोजणीच्या शेवटी उभं राहून आपलं विरोधातलं मत बदललं आणि विधेयक पार पडलं. त्यांचा मतदारसंघ कॅथलिक वस्तीचा होता. आपली राजकीय कारकीर्द यामुळे संपणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तसंच झालं. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर मात्र रिपब्लिकन होते. १९७२ मध्ये विधिमंडळाने कायदा रद्द करायचं ठरवलं तेव्हा आपला नकाराधिकार वापरून त्यांनीच तो वाचवला.

विरोधात कोण होतं? मुख्यतः कॅथलिक चर्च. आणि कॅथलिक मतदार म्हणजे आयरिश, इटालियन, पोलिश कामगार कुटुंबं, जी पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाची होती. गरिबांना सरकारी मदत द्या, युद्ध थांबवा आणि पोटातल्या बाळाचंही रक्षण करा, असं एका दमात म्हणणारे लोक तेव्हा या चळवळीत होते. आज अशी माणसं कोणत्या पक्षात शोधायची, असा प्रश्न पडतो.

दुसरीकडे प्रोटेस्टंट पंथाची सगळ्यात मोठी संघटना सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. आज ती कट्टर विरोधक आहे. पण तिने १९७१ मध्ये ठराव केला होता की बलात्कार, जवळच्या नात्यातून झालेला अत्याचार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल तर कायद्याने गर्भपाताला मुभा द्यावी. बऱ्याच बॅप्टिस्टांना तेव्हा हा ‘कॅथलिकांचा मसला’ वाटायचा.

निक्सन यांचं मतांचं गणित

पहिला राजकीय डाव रिचर्ड निक्सन यांनी टाकला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना १९७२ ची निवडणूक जिंकायची होती. त्यांच्या सल्लागारांनी हिशोब मांडला की डेमोक्रॅटांकडे असलेले कॅथलिक मतदार फोडायचे असतील तर गर्भपात हा चांगला मुद्दा आहे. एप्रिल १९७१ मध्ये निक्सन यांनी लष्करी दवाखान्यांतले गर्भपाताचे सैल नियम मागे घेतले आणि मानवी जीवनाच्या पावित्र्यावर निवेदन काढलं. मे १९७२ मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल कुक यांना पत्र लिहून त्यांनी तिथला कायदा रद्द करण्याला पाठिंबा दिला. तो कायदा टिकवणारे रॉकफेलर त्यांच्याच पक्षाचे होते, इतकंच नाही तर न्यूयॉर्कमध्ये त्यांचाच प्रचार सांभाळत होते.

डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्यावर नशा, सैन्यभरती टाळणाऱ्यांना माफी आणि गर्भपात या तिघांचा उमेदवार असा शिक्का मारला गेला. प्रत्यक्षात मॅकगव्हर्न यांचं म्हणणं होतं की हा प्रश्न राज्यांवर सोडावा. पण शिक्का बसला तो बसलाच. निक्सन ५० पैकी ४९ राज्यांत जिंकले आणि बहुसंख्य कॅथलिक मतंही त्यांना मिळाली. या विजयाला कारणं बरीच होती. तरी धोरणकर्त्यांनी धडा घेतला तो घेतलाच की हा मुद्दा मतं हलवू शकतो.

१९७३ : रो विरुद्ध वेड

२२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्याचा निकाल दिला. ‘जेन रो’ हे टेक्सासमधल्या एका बाईचं बदललेलं नाव, आणि हेन्री वेड हे डॅलसचे सरकारी वकील. न्यायालय म्हणालं की राज्यघटनेतल्या खासगीपणाच्या हक्कात हा निर्णय येतो. पहिल्या तीन महिन्यांत निर्णय बाई आणि डॉक्टरांचा. पुढच्या तीन महिन्यांत आईच्या प्रकृतीसाठी राज्य नियम घालू शकतं. बाळ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यानंतर राज्य बंदी घालू शकतं, पण आईचा जीव आणि प्रकृती सोडून.

निकाल ७ विरुद्ध २ असा होता. बाजूने असलेल्या सातपैकी पाच न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. निकाल लिहिणारे हॅरी ब्लॅकमन यांना खुद्द निक्सन यांनी नेमलं होतं. विरोधातल्या दोघांपैकी बायरन व्हाइट यांना डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नेमलेलं. म्हणजे न्यायालयातही पक्षाप्रमाणे फूट नव्हती.

पण एका फटक्यात जवळजवळ सगळ्या राज्यांचे कायदे मोडीत निघाले. तोपर्यंत राज्याराज्यांत सुरू असलेली ओढाताण थांबली आणि भांडण थेट वॉशिंग्टनला गेलं. आता कायदा बदलायचा तर दोनच वाटा उरल्या. एक तर घटनादुरुस्ती, नाहीतर न्यायाधीश बदलायचे. दोन्हींसाठी राष्ट्रीय पक्ष हाताशी हवा. आजच्या फुटीचं यंत्र इथे तयार झालं.

१९७६ ते १९८० : दोन पक्ष, दोन टोकं

१९७६ मध्ये दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत गर्भपात पहिल्यांदा आला. रिपब्लिकनांनी लिहिलं की गर्भाच्या रक्षणासाठी घटनादुरुस्ती मागणाऱ्यांना आमचा पाठिंबा आहे. डेमोक्रॅटांनी लिहिलं की लोकांच्या धार्मिक भावना आम्हाला समजतात, पण निकाल उलटवण्यासाठी घटनादुरुस्ती करणं योग्य नाही. दोन्हीकडची भाषा अजून सांभाळून होती. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड तर न्यायालयाच्या निकालाचं उघड कौतुक करत होत्या.

त्याच वर्षी रिपब्लिकन खासदार हेन्री हाइड यांची दुरुस्ती मंजूर झाली. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचा केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरायला तिने मनाई केली. बऱ्याच डेमोक्रॅट खासदारांनीही तिच्या बाजूने मत दिलं. हक्क कागदावर राहिला, पण गरीब बाईसाठी तो महाग झाला.

आता इव्हँजेलिकल म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मतदारांची गोष्ट. ते या भांडणात उशिरा आले. इतिहासकार रँडल बाल्मर यांचं म्हणणं आहे की त्यांच्या पुढाऱ्यांना राजकारणात ओढणारं पहिलं कारण गर्भपात नव्हतंच. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकार काढून घेत होतं, त्याचा राग होता. पण त्या मुद्द्यावर देशभर मोर्चा काढणं अवघड होतं. पॉल वेरिक यांच्यासारख्या संघटकांना सगळ्यांना जोडेल असा नैतिक मुद्दा हवा होता. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही संघटना काढली आणि गर्भपात हा तिच्या यादीत अगदी वर आला. अर्थात सगळं गणितच होतं असंही नाही. रो निकालानंतर गर्भपातांची संख्या पाहून आणि फ्रान्सिस शेफर यांच्यासारख्या धर्मविचारकांचं ऐकून अनेक साध्या ख्रिस्ती कुटुंबांचं मन खरोखर बदललं. पुढाऱ्यांचा हिशोब आणि लोकांची श्रद्धा दोन्ही खरी होती. ती एकत्र आली तेव्हा लाट तयार झाली.

१९८० मध्ये रीगन त्या लाटेवर निवडून आले. मानवी जीवनाचं पावित्र्य मानणारे न्यायाधीश नेमू, असं रिपब्लिकन जाहीरनाम्यात लिहिलं गेलं. डेमोक्रॅट जाहीरनाम्याने उलट न्यायालयाच्या निकालाला स्पष्ट पाठिंबा दिला. स्त्री चळवळीची ताकद आता त्या पक्षाच्या मागे उभी होती. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला विरोध करणाऱ्या फिलिस श्लाफ्ली यांच्या बायकांच्या फौजेने दुसरी बाजू धरली होती. म्हणजे बायकाही दोन छावण्यांत वाटल्या गेल्या.

पुढाऱ्यांनी कूस बदलली

यानंतर ज्यांना दिल्लीसारखं वॉशिंग्टन गाठायचं होतं, त्यांना आपल्या पक्षाच्या रंगात रंगावं लागलं.

थोरले जॉर्ज बुश खासदार असताना कुटुंबनियोजनाचे मोठे समर्थक होते. १९८० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि त्यांनी पक्षाची भूमिका स्वीकारली. एडवर्ड केनेडी यांनी १९७१ मध्ये गर्भपाताविरुद्ध पत्र लिहिलं होतं. पुढे ते त्या हक्काचे मोठे कैवारी झाले. जेसी जॅक्सन यांनी सत्तरच्या दशकात विरोध केला, आणि डेमोक्रॅट म्हणून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहताना बाजू बदलली. जो बायडन हाइड दुरुस्तीच्या बाजूने कित्येक दशकं मत देत आले आणि जून २०१९ मध्ये, उमेदवारीच्या शर्यतीत असताना, त्यांनी ती सोडली. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९ मध्ये टीव्हीवर आपण गर्भपाताच्या हक्काच्या पूर्ण बाजूने असल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते विरोधकांचे उमेदवार होते.

यातल्या कोणाचं मन खरोखर बदललं आणि कोणी वारा पाहिला, हे अल्लाहलाच माहीत. पण सगळे वळले ते आपापल्या पक्षाच्या दिशेनेच, हे मात्र उघड दिसतं.

जे वळले नाहीत त्यांना किंमत मोजावी लागली. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर बॉब केसी डेमोक्रॅट होते, गरिबांच्या योजनांचे समर्थक होते आणि गर्भपाताच्या विरोधात होते. १९९२ च्या पक्ष अधिवेशनात त्यांना बोलू दिलं गेलं नाही. त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला नव्हता म्हणून, असं पक्षाचं म्हणणं. आपल्या मतामुळे, असं केसी यांचं. रिपब्लिकन पक्षातही हक्काच्या बाजूचे खासदार पक्षांतर्गत निवडणुकीत कमी कमी होत गेले.

सिनेटच्या दोन मतदानांत हा प्रवास दिसतो. जून १९८३ मध्ये रो निकाल उलटवणारी घटनादुरुस्ती मतदानाला आली. ती एका रिपब्लिकन आणि एका डेमोक्रॅट सिनेटरच्या नावाने होती. ४९ विरुद्ध ५० मतांनी ती पडली, आणि दोन्ही पक्षांचे लोक दोन्ही बाजूंना होते. मे २०२२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचं विधेयक आलं. ते ४९ विरुद्ध ५१ मतांनी अडलं. या वेळी बाजू ओलांडणारा फक्त एक होता, वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मॅन्चिन.

परदेशांनाही झळ पोचली. १९८४ मध्ये रीगन सरकारने ‘मेक्सिको सिटी धोरण’ आणलं. परदेशातली जी संस्था गर्भपाताची सेवा किंवा पुरस्कार करेल, तिला अमेरिकेचा कुटुंबनियोजनाचा पैसा नाही. तेव्हापासून डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष आला की हे धोरण रद्द होतं आणि रिपब्लिकन आला की परत लागू होतं. क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन, पुन्हा ट्रम्प. आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या खेड्यातला दवाखाना चालणार की नाही, हे अमेरिकेतल्या मतपेटीवर ठरू लागलं.

न्यायालयाची लढाई आणि २०२२

घटनादुरुस्ती जमली नाही, तेव्हा सगळा जोर न्यायाधीशांवर आला. १९८७ मध्ये रीगन यांचे उमेदवार रॉबर्ट बोर्क यांना सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं. १९९२ मध्ये ‘केसी’ खटल्यात रो निकाल जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण ओकॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी त्याचा गाभा वाचवला. तिघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले! त्यानंतर चळवळीने ठरवलं की यापुढे नेमणूक पारखूनच करायची.

फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी नाव दिलं, पण सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताने निवडणुकीपर्यंत सुनावणीच होऊ दिली नाही. ट्रम्प यांनी आपण कोणाला नेमू याची यादीच प्रचारात जाहीर केली. निवडून आल्यावर त्यांनी तीन न्यायाधीश नेमले, गोर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट. २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्यात रो निकाल रद्द झाला. पाचही मतं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या न्यायाधीशांची होती. १९७३ मध्ये जी फूट न्यायालयात नव्हती, ती आता पूर्ण झाली.

त्यानंतर डझनभर राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी आली. आईचा जीव वाचवायची सवलत कायद्यात आहे, पण जीव धोक्यात म्हणजे नेमका कधी, हे डॉक्टरांना कळेना. चुकलं तर तुरुंग, म्हणून उपचाराला उशीर व्हायला लागला. जॉर्जिया राज्यात एका तरुण आईचा असाच उशिराने मृत्यू झाला. राज्याच्याच तज्ज्ञ समितीने तो टाळता आला असता असं ठरवलं.

आणि मतदार? ते पक्षांइतके टोकाचे नाहीत हे तेव्हा दिसलं. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससच्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी हक्क काढून घ्यायला नकार दिला. कॅन्सस हे पक्कं रिपब्लिकन राज्य. २०२३ मध्ये ओहायोत असंच झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसुरी आणि अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी एकाच दिवशी ट्रम्प यांनाही निवडलं आणि गर्भपाताच्या हक्कालाही मंजुरी दिली. नेब्रास्का आणि साउथ डकोटात मात्र हक्काचे प्रस्ताव पडले. फ्लोरिडात ५७ टक्के मतं मिळूनही ६० टक्क्यांची अट पुरी झाली नाही. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी बंदीची जुनी मागणी जाहीरनाम्यातून वगळली आणि प्रश्न राज्यांवर सोडला. निक्सन यांच्यासारखाच हाही मतांचाच हिशोब होता.

अमेरिकी मुस्लीम कुठे उभे आहेत?

या भांडणात ‘धार्मिक’ म्हणजे एकच मत, असं चित्र उभं केलं जातं. ते बरोबर नाही. इस्लामी फिकहमध्ये हा मसला टप्प्यांनी पाहिला जातो. गर्भात १२० दिवसांनी रूह फुंकली जाते या हदीसच्या आधारे बहुतेक उलेमा त्यानंतरचा गर्भपात हराम मानतात, आईचा जीव वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी. त्याआधीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. अनेक हनफी फुकहांनी सबळ कारण असेल तर मुभा दिली, मालिकी मत बरंच कडक आहे. १९९० मध्ये मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने १२० दिवसांआधी, गर्भात गंभीर आणि उपचार नसलेलं व्यंग तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवलं आणि आई-वडिलांची मागणी असेल, तर परवानगी दिली. ज्यूंच्या शरियतमध्येही आईच्या जिवाला आधी स्थान आहे. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या एका सिनेगॉगने तर राज्याची बंदी आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे म्हणून दावा लावला.

म्हणजे ‘कधीच नाही’ आणि ‘केव्हाही चालेल’ या दोन घोषणांत यातलं काहीच बसत नाही. प्यू या संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ५५ टक्के मुस्लिमांनी सांगितलं की सगळ्या किंवा बहुतेक परिस्थितींत गर्भपात कायदेशीर असावा, तर ३७ टक्क्यांनी विरोध केला. घरात कडक नियम पाळणारा माणूसही कायदा दुसऱ्याच्या श्रद्धेवर ठरू नये असं म्हणू शकतो. पण दोन पक्षांच्या चौकटीत या मधल्या जागेला नाव नाही.

इतर देशांत असं का झालं नाही?

ब्रिटनने १९६७ मध्ये कायदा केला तेव्हा खासदारांना पक्षादेश नव्हता. ज्याने त्याने आपल्या मनाला पटेल तसं मत दिलं. आजही तिथे हा निवडणुकीचा मुद्दा नसतो.

आयर्लंड तर कट्टर कॅथलिक देश. मूळच्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये गॅलवे शहरात मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे दिसत असूनही त्यांना वेळेत गर्भपात नाकारला गेला होता. त्यानंतर देश हादरला. सरकारने सामान्य नागरिकांची सभा बसवली, तिने महिनोन्‌महिने तज्ज्ञांना ऐकलं. मोठ्या पक्षांनी आपल्या लोकांना मनाप्रमाणे मत द्यायची मोकळीक दिली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदी उठवली.

भारताची वाट याहून शांत होती. केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायका हा तिच्या अहवालाचा गाभा होता. १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, अमेरिकेच्या रो निकालाच्या दोन वर्षं आधी. २०२१ मध्ये काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तोच हक्क दिला. अमेरिकेत हक्क गेला त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

आपलं सगळं चांगलं आहे असं नाही. मुलगी नको म्हणून होणारे गर्भपात हा आपला कलंक आहे, आणि गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रालाच करावा लागला. कायदा असूनही खेड्यातल्या बाईला सुरक्षित दवाखाना मिळतोच असं नाही. पण यावर आपल्याकडे वाद झाला तो डॉक्टर, महिला संघटना आणि न्यायालय यांच्यात. कोणत्या पक्षाला मत देता यावरून तुम्ही काय मानता हे ठरलं नाही.

ठळक वर्षं

१९६७ : कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियात सैल कायदे, दोन्हींवर रिपब्लिकन गव्हर्नरांची सही.
१९७२ : निक्सन यांचा कॅथलिक मतांसाठी डाव.
१९७३ : रो विरुद्ध वेड निकाल.
१९७६ : दोन्ही जाहीरनाम्यांत पहिला उल्लेख, हाइड दुरुस्ती.
१९७९-८० : मॉरल मेजॉरिटी आणि रीगन यांचा विजय.
१९८४ : मेक्सिको सिटी धोरण.
१९९२ : केसी निकाल.
२०२२ : डॉब्स निकाल, रो रद्द.

यातून घ्यायचं काय?

गर्भपाताबद्दल माणसांची मतं वेगळी असणारच. तो जीव केव्हापासून, आईचा हक्क कुठवर, हे प्रश्न हजार वर्षांपासून उलेमा, पाद्री, रब्बी आणि हकीम यांच्यापुढे आहेत. मतभेद असणं हा दोष नाही. अमेरिकेत बिघडलं ते मतभेदाचं मतपेढीत रूपांतर झालं तेव्हा. मग ‘पण’, ‘जर’, ‘अशा परिस्थितीत’ हे शब्द बोलणाऱ्याला दोन्हीकडून गद्दार ठरवलं गेलं. आणि हॉस्पिटलच्या खाटेवरच्या बाईला तर नेमके तेच शब्द हवे असतात. तिची तब्येत, तिची मुलं, तिचं दुःख हे कोणत्याच घोषणेत मावत नाही.

म्हणून कोणताही पक्ष, इथला असो की तिथला, आपल्या दीनचा किंवा आपल्या घरातल्या बायकांचा कैवार घेऊन दारात आला, तर दोन साधे प्रश्न विचारावेत. निवडणुकीआधी हे कुठे होते? आणि यांचं ऐकलं तर खाटेवरच्या त्या बाईला नेमकं काय मिळणार?